काचेसमोरची खुर्ची

फोन आला तेव्हा मी शर्टाच्या कॉलरी घासत होते. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी कॉलरी आणि बाह्यांना हातानं साबण लावून घ्यायचा, ही माझी जुनी सवय. मशीन शेजारी झाकण उघडं टाकून वाट पाहत असते. फोन मुर्रीहून होता, माझ्या मोठ्या जाऊबाई इंदूताई, त्यांच्या सुनेचा, माधुरीचा. "काकू, आई उठून नाही राहिल्या," ती म्हणाली. इंदूताईंची दुपारची झोप सगळ्या नात्यात प्रसिद्ध होती, त्यामुळे मी फारशी घाबरले नाही. "मशीन कधीची बंद झाली, वाजून वाजून थकली. तरी आई खुर्चीतच आहेत..." तेव्हा हातातला शर्ट खाली ठेवला. गोंदियाहून मुर्री कितीसं दूर? ऑटोनं पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. इंदूताई त्यांच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मशीनच्या गोल काचेसमोर, मान जराशी कलती, दोन्ही हात मांडीवर. आत कपडे धुऊन, पिळून तयार पडले होते. अशा वेळी डोक्यात काय यावं यावर माणसाचा ताबा नसतो. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हे, की या बाईनं इथेही मला मागं टाकलं.

हेवा हा शब्द स्मृतिलेखात बसत नाही याची मला कल्पना आहे. पण दुसरा बसवला तर इंदूताई मला हसतील.

लग्न होऊन मी मुर्रीच्या घरात आले तेव्हा त्या घरात ढेकी होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: एक लांब लाकडी धूड असतं, त्याच्या एका टोकावर पायानं दाब द्यायचा, दुसऱ्या टोकाचं मुसळ वर उचललं जातं आणि पाय काढला की धानावर आदळतं. तांदूळ निघेपर्यंत हे करत राहायचं. मला शाळेत नोकरी होती, म्हणून सकाळची ढेकी इंदूताईंच्या पायाखाली आणि संध्याकाळचं बोरिंगचं पाणी माझ्या डोक्यावर, अशी वाटणी सासूबाईंनी केली होती. मधल्या वेळात चूल, राखेनं घासायची भांडी, सारवण, आणि विहिरीवरचं धुणं. सासूबाई वाईट नव्हत्या. फक्त सुनेचे रिकामे हात त्यांना बघवत नसत. आम्ही दोघी घटकाभर टेकलो की त्या सुपात लाखोरीची डाळ घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "बसल्याच हाये तं येवढी निवडून घ्या." त्या घरात बसणं असं नव्हतंच. बसून करायची कामं होती.

पुढे बदली झाली, आम्ही गोंदियात बिऱ्हाड केलं आणि माझ्याकडे एकेक वस्तू येऊ लागली. गॅस माझ्याकडे आधी आला. मिक्सर माझ्याकडे आधी आला, फ्रिजही. इंदूताई रविवारी यायच्या, दुकानात फिरावं तसं माझ्या स्वयंपाकघरात फिरायच्या. एकदा त्यांनी मला पाट्यावर चटणी वाटताना पकडलं. मिक्सर ओट्यावर होता, भरतकाम केलेल्या कापडाखाली.

"हे बिघडलं का वो?"

"नाही हो ताई. ह्यांना पाट्यावरची चटणी आवडते. चव वेगळी लागते."

"लागनच ना," त्या म्हणाल्या. "खांदा तुहा दुखते, चव त्यांले लागते." आणि कापड काढून त्यांनी स्वतः मिक्सर लावला. जेवताना दिरांनी, म्हणजे त्यांच्या दिरांनी, माझ्या नवऱ्यानं, बोटं चाटली आणि पाट्याची सर कशाला नाही म्हणून मला शाबासकी दिली. इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भात कालवत राहिल्या.

हळूहळू त्याच वस्तू मुर्रीला पोचल्या, आणि तिथून माझं दुखणं सुरू झालं. कारण इंदूताईंकडे एखादी वस्तू आली की त्या त्या कामातून कायमच्या निवृत्त व्हायच्या. गिरणीतून तांदूळ यायला लागला, त्यांनी ढेकीच्या लाकडाचे तुकडे करवून गॅस येईपर्यंत त्यांवर चूल पेटवली. नळ आला, पाण्याच्या गुंडांत, म्हणजे घागरींत, त्यांनी मोगरा लावला. गॅस आला, वाचलेल्या वेळात त्या झोपल्या. माझं उलट. गॅस आला म्हणून मी लोणची घालू लागले. मिक्सर आला म्हणून एका चटणीच्या तीन झाल्या. फ्रिज आला तर त्यात ठेवायला पदार्थ हवेत म्हणून ते करत बसले. घरात एक वाचलेला तास दिसला की मी तो धावत जाऊन भरून काढायची. वस्तू माझ्याकडे आधी आल्या, फायदा त्यांना झाला. शाळेत मी मुलांना यंत्रयुगानं माणसाचे श्रम कसे वाचवले यावर निबंध द्यायची. निबंध चांगले यायचे.

त्यांना जुन्या काळाचं कौतुक ऐकवत नसे. त्यांचा मुलगा प्रशांत, म्हणजे माधुरीचा नवरा, पुण्याच्या नोकरीतून सुट्टीवर आला होता तेव्हा आम्हाला सगळ्यांना गाडीनं देवरीकडे जेवायला घेऊन गेला. हायवेवर एक नवं हॉटेल निघालं होतं. भिंतींना शेणाचा रंग होता, शेण नव्हतं. दारात कंदील, त्यात बल्ब. आणि मधोमध दोरी बांधून, खाली दिवे सोडून, एक ढेकी मांडली होती. मालक फेटा बांधून हिंडत होता आणि प्रत्येक टेबलाला सांगत होता, "इसी मेहनत की वजह से पुरानी औरतें बीमार नहीं पड़ती थीं."

"पडत होत्या," इंदूताई म्हणाल्या. "पडाले जागा नव्हती."

प्रशांत मोबाइल काढून म्हणाला, "आई, ढेकीवर पाय ठेव ना, एक फोटो."

"पाय ठेवून ठेवूनच घुटना गेला. तू ठेव, मी काढते." आणि खरंच त्यांनी त्या इस्त्रीच्या पँटमधल्या मुलाला ढेकीवर चढवलं. त्यानं दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा तोल गेला, फेटेवाला मालक सावरायला धावला. फोटो अजून आहे. मला तो पाहून हसू येतं, आणि लगेच हेही आठवतं की त्या दिवशी मी मात्र ढेकीवर पाय ठेवून, छान हसून, फोटो काढून घेतला होता. सर्वांनी "वा काकू" म्हटलं होतं.

कपडे धुण्याची मशीन प्रशांतनंच घेऊन दिली. समोर गोल काच असलेली. माझीला वरून झाकण, आत काय चाललंय ते दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात मी बघायला गेले. इंदूताईंनी कपड्यांचा गठ्ठा आत कोंबला, बटण दाबलं, खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. मी सवयीनं एक शर्ट बाहेर ओढून कॉलर चोळायला लागले.

"मशीनले धुतलेले कपडे देते का वो तू?" त्या म्हणाल्या. "ठेव तो. बस."

मी बसले. काचेमागे पाणी भरलं, साडीचा पदर वर आला, खाली गेला. इंदूताईंचे हात मांडीवर पडले होते, निजलेल्या मांजरासारखे. मी विचारलं, "ताई, काय विचार करता इथं बसून?"

"काई नाई. कपडे कसे फिरून राहिले ते पाहते. इतकी वर्सं मीच फिरली ना."

मला पाच मिनिटंही बसवलं नाही. उठून मी त्यांच्या ओट्यावरचे डबे पुसून काढले. पाठीमागून आवाज आला, "मास्तरीण झाली, पण बसाचं शिकली नाई." मी हसले. घरी येईपर्यंत मात्र जळत होते, हे लिहायला हरकत नसावी. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचा मुलगा, कशाचाही मला कधी हेवा वाटला नव्हता. त्या मांडीवरच्या हातांचा वाटला.

इंदूताईंच्या पुण्यानुमोदनाच्या, त्यांच्या नावानं पुण्य अर्पण करायच्या कार्यक्रमाला मांडव भरला होता. बुद्धवंदना झाली, मग भाषणं. माइक हातात आला की आपल्याकडे मृत माणसाला बदलून टाकतात. एका पांढऱ्या जाकिटातल्या गृहस्थांनी सांगितलं की ही माऊली अखेरच्या श्वासापर्यंत राबली, विश्रांती हा शब्द तिला ठाऊक नव्हता. त्यांनी इंदूताईंना एकदाच पाहिलं असावं, तेही त्यांच्या दुपारच्या झोपेआधी. माधुरीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग सूत्रसंचालकांनी माझं नाव पुकारलं, निवृत्त शिक्षिका म्हणून दोन शब्द बोला म्हणाले. मी लिहून आणलेलं पर्समध्येच राहू दिलं आणि म्हणाले, "ताई निम्मं आयुष्य राबल्या, कारण इलाज नव्हता. इलाज मिळाला त्या दिवसापासून त्यांनी आराम केला. रोज. दुपारी झोपायच्या, आणि उठल्यावर मशीनसमोर बसायच्या. त्यांना श्रमाची हौस नव्हती." मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. जाकिटवाल्यांनी समारोप करताना याला "साधेपणा" म्हटलं.

परवा पुन्हा मुर्रीला गेले. खरं सांगायचं तर मनात ती खुर्ची मागून आणायची होती. माझ्या मशीनला काच नाही, तरी खुर्ची असली तर जमेल, असं काहीतरी. मागच्या पडवीत गेले तर मशीन चालू होती आणि खुर्चीत माधुरी बसलेली. पाय पुढे सोडलेले, हात मांडीवर. तिच्या चेहऱ्यावर कसलाही प्रयत्न नव्हता. सासूनं तिला कधी सुपात डाळ निवडायला आणून दिली नव्हती, त्यामुळे तिला हे शिकावंच लागलं नाही. आयतं मिळालं. मी पुन्हा एकदा जळले, आता पुढच्या पिढीवर.

"जयभीम काकू, या ना," म्हणत ती उठली, आतून दुसरी खुर्ची आणून शेजारी टाकली. स्वतः त्या नव्या खुर्चीत बसली आणि ताईंची मला दिली. मी टेकले. बाजूला टोपल्यात वाटाण्याच्या शेंगा होत्या. हात आपोआप गेला. "बसलेच आहे तर सोलून देते," मी म्हणाले.

माधुरी उठली. टोपलं उचललं, स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसली.

काचेमागे कपडे फिरत होते. ताईंची एक निळी साडी त्यात होती, बहुतेक माधुरी घरात नेसते. मी हात मांडीवर ठेवले, मग पालथे केले, मग एकावर एक. तरी ते परक्याचे वाटत होते. मशीन थांबायला अजून बराच वेळ होता... मी उठले नाही.