वामनभाऊ गाडी पास करतात

वामनभाऊंना दाखवायला नेलेली कोणतीही वस्तू धडपणे घरी परत येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. शाहपूरकडच्या बागांमधून व्यापाऱ्यासाठी केळी निवडायची, हे त्यांचं उभ्या जन्माचं काम. बागेत शिरायचं, घडावर टिचकी मारायची, वास घ्यायचा, नाक मुरडायचं आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. एखादा पसंत पडलाच तर पिशवीतून केळीच्या खोडावरच्या वाळक्या सालीची, सोपटाची पट्टी काढून घडाच्या दांड्याला गाठ मारायची. गाठ बसली की माल पास. मग रात्री वादळात झाड आडवं झालं तरी वामनभाऊ शब्द फिरवत नाहीत. या एका गुणापायी शेतकरी त्यांचा बाकीचा तिरसटपणा सोसतात.

सिंधीपुऱ्यातल्या आम्हा शेजाऱ्यांच्या वाट्याला नुसताच तिरसटपणा आला आहे. माझ्या घराचा नवा रंग आणि माझा नवा जावई, दोन्ही त्यांनी एकाच चहात नापास केले. सुलभावहिनींना पसंत केलं तेव्हा मात्र वीज गेलेली होती. हे मी नाही, वहिनी स्वतः सांगतात.

तर अशा माणसाने गाडी घ्यायची ठरवली. ती ताब्यात घ्यायला मलाही नेलं, कारण भाऊंना चालवता येत नाही. शिकवणारा एकही जण त्यांच्या पसंतीला उतरला नव्हता.

दिवस वहिनींनी निवडला होता. त्या दिवशी तापीपलीकडे जैनाबादला त्यांच्या भाचीची, प्राजक्ताची हळद होती. वहिनींची इच्छा एवढीच, की एकदा तरी माहेरच्या दारात आपल्या मोटारीतून उतरावं. आजवर त्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर पिशव्या आणि डोळ्यांत पुलावरची धूळ घेऊन जात आल्या. भाऊ उतरून थेट आत पाटावर जाऊन बसत आणि वहिनी मागून पिशव्या सावरत येत. तोवर भावजया दारात उभ्या राहून सगळं बघून घेत.

शोरूममध्ये मोहित नावाच्या पोराने गाडीवरचं लाल कापड ओढलं आणि टाळ्या वाजवल्या. भाऊंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी बॉनेटवर टिचकी मारली, कान लावला, इंजिनाचा वास घेतला. मग एकेक खोट निघू लागली. बंपरवर ओरखडा होता. एका दिव्याच्या काचेत वाफ धरली होती. हॉर्न जत्रेतल्या पिपाणीचा होता. मोहित प्रत्येक खोटीला हसत होता. शेवटी भाऊ पुढच्या डाव्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि अडकले. ते दार आतून उघडेचना. आतून भाऊ काचेवर टिचक्या मारताहेत आणि बाहेर आम्हाला वाटतंय की काचेचीही तपासणी चालू आहे. मोहितने बाहेरून दार उघडलं तेव्हा भाऊ घामाने निथळत होते.

“काकाजी, इतना तो चलता है ना,” मोहित म्हणाला. “आज घेऊन जा, पार्ट आला की फोन करतो.”

भाऊ म्हणाले, असला माल ते फुकटही उचलत नाहीत. दुसरी गाडी दिवाळीनंतर येईल असं कळलं, तर म्हणाले दिवाळीनंतर घेऊ. खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटत होतं. नव्या गाडीचं दार उघडत नसेल तर ती घ्यावी कशाला? पण वहिनी नवी पैठणी नेसून पूजेचं ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी ताटावर हळूच रुमाल टाकला आणि मला फार वाईट वाटलं.

भाऊ हातातली पिशवी वहिनींकडे देऊन मॅनेजरला नकार सांगायला आत गेले. इकडे वहिनींनी ताट माझ्या हातात दिलं, पिशवीतून सोपटाची पट्टी काढली आणि गाडीच्या डाव्या आरशाला गाठ मारली. मी अळीमिळी गुपचिळी. पण शाहपूरचा समाधान, ज्याच्या बागेत भाऊंनी जन्मभर नाक मुरडलं, तो नेमका जीप दुरुस्तीला घेऊन आला होता. भाऊ बाहेर येताच त्याने आरशाकडे बोट केलं.

“भाऊ, गाठ दिसून राहिली ना? मंग पास झाला माल.”

भाऊंनी आधी आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रुमालाखालची लिंबं चाचपू लागलो.

“मी बांधली,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही साऱ्या मुलखाचा माल पास करता. एक मी केला.”

भाऊंचा हात गाठीकडे गेला. सोडली असती तर संध्याकाळच्या आत सगळ्या शाहपुरात झालं असतं, की वामनभाऊंची गाठ सुटते. समाधान तर त्याचीच वाट बघत होता. भाऊंनी गाठ दोन बोटांत धरली, वहिनींकडे पाहिलं, ताटावरच्या रुमालाकडे पाहिलं.

“ढिली बांधलीय,” ते म्हणाले आणि त्यांनी ती घट्ट केली.

पदरी पडलं पवित्र झालं. बॉनेटवर स्वस्तिक निघालं, चाकाखाली लिंबं फुटली आणि आम्ही निघालो. वहिनी पुढे बसल्या. भाऊ मागे बसून पुलावरचा प्रत्येक खड्डा नापास करत होते.

जैनाबादला दारात भावजया हळदीच्या हातांनी उभ्याच होत्या. भाऊ सवयीप्रमाणे उतरून सरळ आत गेले. मी उतरून वहिनींचं दार उघडणार, तर त्यांनी मानेने नको म्हटलं. पदर सारखा करून त्या स्वस्थ बसून राहिल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. शेवटी आतून कुणीतरी भाऊंना पाटावरून उठवून आणलं. सगळ्या सासुरवाडीदेखत वामनभाऊंनी गाडीला वळसा घातला, दार उघडलं आणि बायको उतरेपर्यंत ते धरून उभे राहिले. थोरल्या भावजयीने तोंडाला पदर लावला.

“दाजी दार उघडून देतात बाई,” ती म्हणाली. वहिनींनी ऐकलं नाहीसं दाखवलं.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना शोरूममधून मोहितचा फोन आला. पार्ट आला होता, दाराची खोट काढायला गाडी कधी आणता म्हणून तो विचारत होता. भाऊ हात धुवत होते, म्हणून फोन वहिनींनी घेतला.

“कोणती खोट?” त्या म्हणाल्या. “आमची गाडी एकदम बरोबर आहे.”