भरतीची खूण

झाई बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मी दोन दिवसांचं काम म्हणून गेलो आणि नऊ दिवस अडकलो. टाकीतल्या मिठाच्या पाण्याचं तापमान दोन तारांवरून मालकाच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर जायला हवं होतं. जायचंही. मग मध्येच उणे दहाचं तीनशे व्हायचं, आणि नंतर नुसत्या रेघा.

मी केबल बदलली, टोकाला रेझिस्टर लावला, डेटाचा वेग कमी केला. दर वेळी थोडा वेळ सुरळीत चालायचं आणि मी मोठ्या तोऱ्यात मालकाला ‘झालं’ म्हणून सांगायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरं, वेळही ठरलेली नाही. आज अकराला, उद्या बाराच्या सुमारास. माझं डोकं चालेनासं झालं.

टाकीपाशी एक काका असायचे. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरून यायचे. दर तासाला थर्मामीटर बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. स्क्रीन नीट चालली की त्यांना घरी पाठवणार, हे मालकाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काकांना कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्यांच्या डब्यातली नाचणीची भाकरी मात्र रोज खात होतो.

दहाव्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

“सायेब, तुमचा आकडा भरतीलाच बिघडतो. बघा.”

रोजच्या पानावर एक लाल खूण होती. भरतीला बोटी धक्क्याला लागतात, टाकी उघडतात, बर्फ फोडायचं मशीन सुरू होतं. तेव्हा तापमान हलतं म्हणून ते खूण करून ठेवत. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. माझा बिघाडही तसाच सरकत होता. सारा जन्म डहाणूच्या किनाऱ्यावर गेला आणि मला हे सुचलं नाही.

मशीनच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नव्या ड्राइव्हचा विजेचा गोंगाट सप्लायच्या तारांतूनच माझ्या सर्किटमध्ये शिरत होता. मी ड्राइव्हला फिल्टर बसवला, सर्किटला वेगळा सप्लाय दिला. पुढच्या भरतीला मशीन धडधडलं. स्क्रीनवर उणे नऊ. काकांनी थर्मामीटर वर काढला.

“उणे नऊ! जुळला, सायेब!”

माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला होता. फिल्टर काढून टाकावा असं क्षणभर मनात आलं. पण मालक मागेच उभा होता.

“छान. काका, उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

काका मालकाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले.

“तुम्हाला ठावं होतं?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी थर्मामीटर पुसून खिळ्याला अडकवला, वही टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन निघाले. बोर्डीपर्यंत आमची बस एकच होती. मी ती सोडली.