हॉलमधला घोडेस्वार

उद्या चंपाषष्ठी, म्हणून परवापासून भावाच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटवर आलेय. सकाळी वाटीत चिंच भिजवली आणि तो आंबट वास येताच ओझरचं आमचं परसदार आठवलं.

तिथे देव घासायचं काम माझं. लग्न ठरलं त्या वर्षी घोड्यावरचा पितळी खंडोबा घासताना मी आईला विचारलं, "हा मी नेऊ?" तिने तो माझ्या ओल्या हातांतून काढून घेतला. "कुळाचा देव लेकीबरोबर जात नसतो गं. तो भावाकडेच राहतो." खंडोबा उन्हात लखलखत होता. मला तेव्हा तिचं म्हणणं पटलंही होतं.

आता तो हॉलमध्ये असतो, काळा पडलेला, एका लोखंडी मॉडर्न शिल्पाशेजारी, दिव्याच्या झोतात. मी वाटी घेऊन गेले तर भावजयीने हात धरला. "ताई, घासू नका. अँटिक लुक जातो."

तेवढ्यात शेजारचे गृहस्थ आले. मूर्ती निरखत त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"जुना कुणीतरी घोडेस्वार," भाऊ म्हणाला. "हॉलला शोभतो."