कोरडी का भिजवून

मडावीकाका पेशंटला नाव विचारत नसत. दुर्बिणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर माणूस बसला, की ते त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "काल भाकर कशी खाल्ली? कोरडी का भिजवून?"

वर्ध्याच्या एका रुग्णालयात मी तेव्हा टेक्निशियन म्हणून नवी लागले होते. काका हिंगणीचे. दुर्बीण घशातून उतरताना पेशंटचं डोकं धरणं हे त्यांचं काम. मला वाटलं, म्हाताऱ्याला नसत्या चौकशांची खोड आहे.

पोटाच्या तक्रारींना आमच्याकडे तोटा नव्हता. हाड मोडून दाखल झालेला माणूससुद्धा तिसऱ्या वाक्याला गॅसवर यायचा. जळजळ, करपट ढेकर, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन सोललेला घसा. बहुतेकांचं साधं आम्लपित्त निघे, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. खरा आजार त्याच गर्दीत, त्याच तक्रारी सांगत निवांत बसलेला असे.

"आधी कोरडी भाकर सुटते, मंग पोळी, मंग भात," काका सांगायचे. "मानसाले वाटते दात गेले. घरच्याईले वाटते वय झालं." 'भिजवून' म्हणणाऱ्याचा कागद ते गुपचूप ढिगात सगळ्यात वर ठेवत. कारंज्याचा एक ट्रकवाला हसत म्हणाला, मी तर टोस्टही चहात बुडवूनच खातो. काकांनी त्याचाही कागद वर ठेवला. दुर्बीण घशाखाली वीतभरही गेली नाही, अडली; अन्ननलिकेत गाठ होती. त्यानंतर मी काकांना हसणं सोडलं.

आम्हा रुग्णालयातल्या लोकांची एक वाईट सवय आहे. आम्ही स्वतःचा केसपेपर काढत नाही. डॉक्टरांना जाता-येता गाठायचं, एक गोळी मागायची, झालं. काकांच्या खिशात आम्लपित्ताच्या गुलाबी औषधाची बाटली दिसू लागली तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका दुपारी त्यांनी डब्यात भाकर कुस्करली, वर वरण ओतलं आणि झाकण लावून तशीच ठेवली. मी पाहते आहे हे त्यांनी पाहिलं. "दाढ दुखून राह्यली," ते म्हणाले.

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं, पण सोयीचं वाटलं. ज्याने मला हे शिकवलं त्याला मी काय विचारणार? दुसऱ्या दिवसापासून ते आमच्यानंतर, एकटेच जेवू लागले. मी तेही चालू दिलं.

चार महिन्यांनी पाणी उतरेना, तेव्हा ते दुर्बिणीच्या टेबलावर आडवे झाले. डोकं धरायला दुसरं कोणी नव्हतं, मीच धरलं. आतलं चित्र दाखवणारा पडदा त्यांच्या पाठीमागे होता. ते पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला चेहरा सांभाळता आला नाही.

त्यानंतर ते दोन महिने होते. शेवटच्या आठवड्यात मी वॉर्डात गेले, तर त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं. आवाज पार बसला होता. मला खाली वाकावं लागलं.

"डब्ब्याच्या दिवशीच तुमाले समजलं होतं ना, मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

"मलेबी," काका म्हणाले. "मले भेव लागे. तुमी इचारान म्हणून मी वाट पाहून राह्यलतो."