सात अर्जांचा एक कागद

कचेरीतले किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतोच. कचेरी कोणती ते विचारू नका. पंचाहत्तर-शहात्तरचं साल, हिंगोलीकडचा मुलूख, एवढं बास.

आमच्या हेडक्लार्कला सगळे अण्णा म्हणायचे. जाड फाईल दिसली की अण्णांचं टाळकं सरकायचं. एकाच कामाचे चार-पाच अर्ज आले की हुकूम सुटायचा, "एक विषय, एक कागद!" मग सगळ्यांचा मिळून एक अर्ज करायचा आणि त्यावर त्या दिवसाची तारीख टाकायची. माझं अक्षर बरं, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात.

*

बांधावरून भांडणारे दोघं भाऊ होते. थोरल्यानं अर्ज मागे घेतला, धाकट्यानं न्हाई. मी दोन्ही एकत्र केले, अन् दोन्ही मागे गेले! मला शिव्या द्यायला दोघं एकाच सायकलवर आले. कैक वर्षांत पहिल्यांदाच.

*

टायपिस्ट रहीमभाईंच्या तीन रजा झाल्या होत्या. पोरीचं लग्न, स्वतःचा ताप आणि आईचं जाणं. अण्णांनी तिन्हींचा एक अर्ज केला. कारण: घरगुती काम.

तो कागद रहीमभाईंनाच टाईप करावा लागला. मशीनमधून काढून त्यांनी वाचला. म्हणाले, "अम्मा मरी सो बी घरगुती काम में गया क्या?"

आम्ही हसलो. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

*

औंढ्याकडच्या एका बौद्ध वस्तीला विहीर पाहिजे होती. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते. बाया लांब, नाल्यापल्याडच्या पडक्या विहिरीवर जायच्या. वस्तीतल्या विमलाबाई सात वेळा पायी अर्ज घेऊन आल्या. मी सातांचा एक केला. जुने कागद शिपायानं चहाच्या चुलीत घातले.

विहिरींची यादी अर्जाच्या तारखेनं लागायची. नवी तारीख पडली आणि वस्ती यादीच्या तळाला गेली. माझ्या ध्यानात आलं होतं. अण्णांपुढं बोलायची छाती झाली न्हाई.

त्याच उन्हाळ्यात विमलाबाईंची सून त्या पडक्या विहिरीत पाय घसरून गेली.

महिन्याभरानं बाई आल्या. आता या माझे वाभाडे काढणार, असं धरून मी उठून उभा राहिलो. त्यांनी विहिरीचं नावसुद्धा काढलं न्हाई.

"सायब, पैला अर्ज माज्या सुनेनं लिवला व्हता. सातवी शिकली व्हती. घरात तिच्या हातचं दुसरं काईच लिवलेलं न्हाई. तेवढा कागद द्या. लेकरू मोठं झालं की त्याला दाखवीन."

"बसा मावशी, बघतो," मी म्हणालो.

त्या दाराशी बसल्या. मी कपाट उघडलं आणि एकेक फाईल काढून पानं चाळू लागलो. कचेरी बंद व्हायची वेळ झाली तरी मी चाळतच होतो.