होल्याचं दुसरं रान

नातवासाठी कणीस घ्यायला हातगाडीपाशी थांबलो. कोळसा फुलला, धूर नाकात गेला आणि मी एकदम भिंगारपलीकडच्या आमच्या शाळेच्या ओसरीवर जाऊन बसलो.

महायुद्ध चालू होतं. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीसुद्धा कोळशावर धावत, आणि त्या कोळशासाठी आमच्या डोंगरावर जागोजागी भट्ट्या लागलेल्या. डोळे सारखे चुरचुरत. गुरुजी धुराकडे पाठ करून आम्हाला रानाची गोष्ट सांगत. धावड्याच्या झाडावर होला पक्षी राहतो, खोडावरून मुंग्या चढतात, खालच्या पाचोळ्यात पाणी मुरतं नि तेच आपल्या विहिरीला येतं.

त्या दिवशी मी मध्येच उठून ऐटीत म्हणालो, "गुरुजी, त्यो धावडा काल माज्या बानं पाडला!"

पोरं माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. गुरुजी म्हणाले, "मग होला दुसऱ्या रानात गेला."

"कुटल्या?" शेजारी बसलेल्या अमीनानं विचारलं. "समद्या रानात भट्ट्याच हाईत की."

वेळ झाली नव्हती, तरी गुरुजींनी घंटा द्यायला सांगितली. आम्ही आनंदानं ओरडत घरी पळालो.

पुढं मीही मास्तर झालो. बोडक्या डोंगराखाली बसून तीच गोष्ट सांगत राहिलो. गोष्टीत होला दुसऱ्या रानात गेला की मी घंटेकडे बघायचो. पण कुठल्या रानात, असं एकाही पोरानं कधी विचारलं नाही. त्यांना धावडाच मला फळ्यावर काढून दाखवावा लागायचा.