मधली भिंत

ऐंशीच्या सुमारास दिघोरीत रस्त्याच्या वळणावर दोन भावांनी घर बांधायला काढलं. जागाच तिरकी, म्हणून एक लांब भिंत तिरकी. नकाशा माझा होता. वादळाचा जोर ती एकटी सोसणार नाही, तिच्यात गुंतवून मधोमध एक आडवी भिंत घ्या, असं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं.

“घराच्या मधात भिंत? लोक म्हणतील, वाटणी झाली,” थोरला म्हणाला. यापुढे माझं गणित काय कामाचं? मी रेघ खोडली.

काही वर्षांनी गेलो, तर तिरकी भिंत बाहेर कलली होती. आत, मी खोडलेल्या जागीच, नवी भिंत होती. भाऊ वेगळे झाले होते. पण दोन्ही भिंतींचा सांधा जोडलेलाच नव्हता. थोरल्याला कारण विचारलं.

“ते धाकट्याची हाये, साहेब. तिरकी माह्या वाट्याले आली. त्याची भिंत तिच्यात कायले शिरू देऊ?”